बाण

आठवडाभर सुनेच्या लॅपटॉपवरचा बाण आपोआप पळत होता. ती घरी बसून इमारतींचे नकाशे काढायची. काढलेली भिंत डोळ्यांदेखत सरकायची, दार गायब व्हायचं. आणि हे नेमकं दुपारी, सासूबाई हॉलमध्ये नवा कीबोर्ड मांडीवर घेऊन बसल्या की. बिनवायरचा, बोट फिरवायची पट्टी असलेला तो कीबोर्ड नवऱ्याने आईला टीव्ही लावणं सोपं जावं म्हणून आणला होता.

आज तिने लॅपटॉप उलटसुलट करून पाहिला. कीबोर्डचा नखाएवढा रिसीव्हर टीव्हीला नव्हे, तिच्याच लॅपटॉपच्या कडेला बसला होता. रविवारी नवऱ्याने इथे तपासून पाहिला, तो काढायलाच विसरला होता.

पण कीबोर्ड चालत नाही, हे सासूबाईंनी एका शब्दाने सांगू नये? घरबसल्या काम हे काम नव्हेच, असं त्या येता-जाता ऐकवायच्याच. म्हणजे मुद्दामच चाललं होतं तर. तिला रंगेहाथ पकडायचं होतं. ती पाय न वाजवता बाहेर आली.

टीव्ही काळाठिक्कर होता. सासूबाई त्याच्याकडे टक लावून पट्टीवर बोट फिरवत होत्या.

"आई, काय बघताय?"

"मालिका."

"टीव्ही बंद आहे, आई."

त्यांनी कीबोर्ड हळूच पदराखाली घेतला.

"रोज तो निघताना तोंडी सांगून जातो, तसंच करते गं. तरी लागत नाही," त्या म्हणाल्या. "त्याला सांगू नकोस. तुझ्या सासऱ्यांचंही विसरणं असंच सुरू झालं होतं."