एकमेकींना छेदणाऱ्या रेघा

एका विद्यार्थिनीची वही उघडली आणि अर्थशास्त्राच्या सरांच्या मनात पाल चुकचुकली. गृहपाठ सोपा होता. घरातल्या एका माणसाला विचारायचं, नवे ड्रेस आणि वाचनाचे निवांत तास यांच्या कोणकोणत्या जोड्या मिळाल्या तर तुम्ही सारखेच खूश राहाल? त्या जोड्या आलेखावर मांडून बिंदू जोडले की समवृत्ती वक्र तयार. जे कमी उरतं ते सोडवत नाही, म्हणून रेघ आत वाकते. आणि एकाच माणसाच्या दोन रेघा एकमेकींना कधीच छेदत नाहीत, हे सरांनी घसा कोरडा करून शिकवलं होतं.

हिच्या वहीत निळी आणि लाल रेघ भर मध्यावर एकमेकींना कापत होती. निळीत एका ड्रेससाठी वाचनाचे आठ तास हसत सोडले होते. लाल रेघेत एक तास सोडायलाही पाच ड्रेस मागितले होते.

सरांनी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"कुणाला विचारलंस?"

"आईला."

"दोन्ही वेळा?"

"हो, सर."

"थापा मारू नकोस. ही दोन वेगळी माणसं आहेत. एकीचे आकडे तू मनानेच घातलेस."

तिचा चेहरा उतरला. "नाही सर. निळी रेघ बाबा शेजारी बसले होते तेव्हाची. लाल, ते आंघोळीला गेल्यावरची."

सरांनी वही जवळ ओढली. "मग यातली खरी कुठली?"

"मीही तेच विचारलं, सर. आई म्हणाली, आधी दार लाव."