ओटीचा नारळ

टेम्पो सुरूच ठेवून किशोर दाराशी आला. "काकी, पाचच्या आत खोली रिकामी पाहिजे. परदेशी बाई, व्हिसा संपलेला. घर माझ्या नावावर हाय. उद्या पोलीस आलं तर घोर कुणाला?"

चंद्राबाई तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

आत भाड्याच्या खोलीत इखलास स्वतःच्या बॅगेवर बसली होती. आठवा महिना. सुदानात लढाई पेटली तेव्हा नेसत्या कपड्यांनिशी ती इथे शिकणाऱ्या नवऱ्याकडे आली. तो आता निर्वासितांच्या कागदासाठी दिल्लीला गेला होता, परवा परतणार होता. परवापर्यंत तिनं जायचं कुठं, हे किशोरनं स्वतःला विचारलं नव्हतं.

"जाईल की," चंद्राबाई म्हणाली. "पर सवाष्ण हाय. ओटी भरल्याबिगर कशी धाडू? नारळ आण एक."

किशोरला हायसं वाटलं. म्हातारी कडाकडा भांडेल अशी त्याची खात्री होती. नारळ म्हणजे पाच मिनिटांचं काम.

नारळ आला. मग खण राहिला म्हणून तो परत गेला. मग हिरव्या बांगड्या. मग गजरे. "लगीन हाय का काय?" तो कुरकुरला, पण आणले. बायकांच्या कामात पुरुषांचं डोकं चालत नाही, आणि किशोरचं इतर कामांतही बेताचंच चाले.

तोवर शेजारची आशालता आली, तुळजाबाई आली. किशोरची बायको स्नेहल आली, नवऱ्याकडे न बघता आत गेली. बद्रुन्निसाला मुद्दाम बोलावलं होतं, तिला अरबी येतं म्हणून.

"अगं, मला वाचता येतं. कळत न्हाई," ती वैतागली. पण कुंकवाचा करंडा तिनंच बाजूला सारला. "हे ऱ्हाऊ द्या. ओटी आमच्यातबी भरत्यात."

टेम्पो आपल्यासाठी आलाय, एवढंच इखलासला कळलं होतं. आठव्या महिन्यात तिचे हात इतके सुजले होते की बांगडी चढेना.

"साबण आणा गं," आशालता म्हणाली.

"साबून," इखलास हळूच म्हणाली. दुपारपासून तिला कळलेला तो एकच शब्द, तिच्या अरबीतलाही. आशालताला उगाच भरून आलं.

बाहेर हॉर्न वाजला. "आटपा! पाच वाजायला आले."

पाचही जणींनी ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ. वाटेची शिदोरी समजून इखलासनं ओढणीचा ओचा घट्ट धरला. ती उठली, दुसऱ्या हातानं बॅग उचलली. चंद्राबाईनं ती काढून घेतली आणि कॉटखाली ढकलली.

"काकी?"

"हिरव्या बांगड्या आन् गजरे पाठवणीला लागत्यात व्हय रं? ही डोहाळजेवणाची ओटी. भरली की पोरगी माहेरी असती. बाळंत होईस्तोवर हलत न्हाई."

"फसवलंस मला!"

"सामान कुणी आणलं? तूच. भावानं आणावं तसं आणलंस. मामा झालास आता. पोलीस आलं तर माझं नाव सांग."

किशोर लालबुंद झाला. त्यानं आत पाऊल टाकलं, तशा बायका उठून दारात उभ्या राहिल्या. सगळ्यांत पुढं स्नेहल होती. तिच्या मागं इखलास पोटावर नारळ धरून एकेकीच्या तोंडाकडे बघत होती.

"आधी टेम्पो बंद करा," स्नेहल म्हणाली. "डिझेल जळतंय."

मग बाहेर जाऊन त्यानं चावी फिरवली. एकदम शांत झालं. परत आला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता.

"आन् बाळंतपण झाल्यावर?"

"मग जाईल की सासरी," चंद्राबाई म्हणाली. "तिथली लढाई थांबू दे."