पान नववं

"मंगळवारी अकरा वेळा," मॅनेजरनं छापील कागदावर नखानं रेघ ओढली. "प्रार्थनेची दिशा दाखवणारं ॲप. दुकानाच्या वायफायवर. देव हरवलाय का तुमचा?"

ती दुकानाच्या मागच्या खोलीत बसून गिऱ्हाइकांच्या पँटी आखूड करायची, जॅकेटांच्या बाह्या उसवून पुन्हा शिवायची. बोलावणं आलं तेव्हा गळ्यातली टेप काढायचीही राहून गेली होती. तिनं कागद जवळ ओढला आणि नीट वाचला.

"देव नाही, सुई हरवली होती. ॲपमधल्या होकायंत्राची. टाचण्यांच्या वाटीला खाली चुंबक आहे. फोन तिच्याशेजारी ठेवला की दिशा चुकते, बंद करून परत उघडावं लागतं. अकरा नोंदी, मिळून चार मिनिटं. वेळ शेजारच्या रकान्यातच दिलीय. एक दहा ते एक चौदा. माझी जेवणाची सुटी एक ते दीड."

"मुद्दा मिनिटांचा नाहीच. दुकानात धर्म आणायचा नाही, एवढंच." त्यानं दुसरा कागद पुढे सरकवला. "चूक कबूल आहे म्हणून सही करा, विषय संपला. नाहीतर उद्यापासून मशीनवर दुसरं कुणीतरी बसेल."

सात वर्षं ते मशीन तिच्या पायाखाली होतं. ते कधी तेल मागतं आणि कधी नुसतंच कुरकुरतं, हे तिच्याशिवाय कुणाला कळत नसे.

"गोदामात रोज सकाळी भक्तिगीतं लागतात," ती म्हणाली. "तीही याच वायफायवर."

"ती काय, सगळ्यांचीच असतात."

"माझी नाहीत."

मॅनेजर खुर्चीत मागे रेलला. तिची नजर पहिल्या कागदाच्या तळाशी गेली. बारीक अक्षरात छापलं होतं: पान ९, एकूण १४. बाकीचा गठ्ठा त्याच्या कोपराखाली होता.

"बाकीची तेरा पानं दाखवा."

"त्यात तसलं काही नाही."

"तसलं म्हणजे कसलं?"

तेवढ्यात दार ढकलून कॅशवरच्या काकूंनी डोकं आत घातलं. "अगं, ती निळी पँट झाली का? गिऱ्हाईक माझं डोकं खातंय." मग त्यांचं लक्ष कागदाकडे गेलं. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. "हे काय? आपण फोनवर काय बघतो ते? अगदी वेळेसकट?"

"काकू, तुमचा यात काही संबंध नाही."

"संबंध नाही, मग छापलं कशाला? माझं पान कितवं, साहेब?"

"तुम्ही कॅशवर जा बघू."

"जाते की. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून! बरी रीत आहे." पण काकू दारातून हलल्या नाहीत.

मॅनेजरनं गठ्ठा उचलला, खणात कोंबला आणि किल्ली फिरवून खिशात टाकली. "सही," तो म्हणाला.

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पेन उचललं. त्याचा चेहरा सैलावला.

'चूक कबूल आहे' या शब्दांवर तिनं एक सरळ रेघ मारली. खाली सावकाश, सुटं सुटं लिहिलं: 'नववं पान दाखवलं. बाकीची तेरा मागितली. एक वाजून सत्तावीस मिनिटांनी खणाला कुलूप लावलं.'

त्याखाली तिनं सही केली. शेजारी आणखी एका सहीपुरती जागा सोडली आणि पेन मॅनेजरपुढे धरलं.