उलट्या आकड्यांची शिकवणी

“अहो, इथे नापास व्हायचं असतं!” तपासणीच्या खोलीबाहेर शेजारी बसलेली गारामची आई ओक-हीच्या कानात कुजबुजली.

वाचनात मागे पडणाऱ्या मुलांच्या या तपासणीत बाई आकडे म्हणतात आणि मुलांनी ते उलटे सांगायचे, एवढं कळल्यावर कोरियातल्या दैगू शहरातल्या कुठल्याही आईने जे केलं असतं तेच ओक-हीने केलं होतं. शिकवणी लावली होती. तिची आठ वर्षांची लेक दानबी वाचताना ओळी गाळायची, दप्तर शाळेत आणि छत्री बसमध्ये विसरून यायची. पण दोन महिने घोटून घेतल्यावर आता सहा-सहा आकडे उलटे म्हणत होती. ते डोक्यात चिकटून राहावेत म्हणून सकाळी परीक्षेच्या दिवशी खातात ती यॉतची गोड, चिवट वडीही चारून झाली होती.

“गुण कमी पडले तरच शाळेत वाचनाला वेगळ्या बाई मिळतात,” गारामची आई म्हणाली. “जास्त पडले की घरी पाठवतात. आमचा गाराम दोनदा परत आलाय.”

तेवढ्यात आतून हाक आली. ओक-हीने लेकीला कोपऱ्यात ओढलं.

“नीट ऐक. तीनपेक्षा जास्त आकडे आले की चुकीचे सांग. पटकन बोलू नकोस, जरा अडखळ. आणि शिकवणीचं कुणाला सांगायचं नाही. कळलं?”

“कळलं.”

तपासणाऱ्या प्यो बाईंनी ओक-हीला मागच्या खुर्चीत बसवून गप्प राहायला बजावलं.

“चार, नऊ, दोन.”

“दोन, नऊ, चार.”

चार आकडे आले. पाच धडाधड आले. ओक-ही खोकली. सहाही आले, तशी ती एवढी खोकली की बाईंनी तिच्यासाठी पाणी मागवलं. यॉतऐवजी, पाठ केलेलं निसटतं म्हणून परीक्षेला टाळतात ते शेवाळाचं निसरडं सूप पाजलं असतं तर बरं झालं असतं! गेल्या वाचनाच्या बाई. आता पोरगी जन्मभर ओळी गाळणार, या विचाराने तिला रडूच कोसळायचं बाकी होतं.

खोकला ऐकून दानबी मागे वळली. तिचा चेहरा कावराबावरा झाला होता.

“आई, मगाशी तू तीन गोष्टी सांगितल्यास ना? शिकवणीचं बोलायचं नाही, एवढीच आठवतेय. बाकीच्या दोन कुठल्या गं?”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं ओक-हीला झालं.

प्यो बाईंनी आकड्यांच्या पानावर शांतपणे काट मारली.

“सोमवारपासून वाचनाला पाठवा, दानबीच्या आई,” त्या म्हणाल्या. “तीन गोष्टींची खरी चाचणी तुम्ही बाहेरच घेऊन आलात.”