दाढ

"धुरी, उद्याची फाशी थांबली," गजांपलीकडून वकीलबाई म्हणाल्या. "आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तात्पुरती स्थगिती दिलीय. तिथला निकाल लागेपर्यंत हे सरकार तुम्हाला फाशी देऊ शकत नाही."

धुरीने नुसती मान हलवली. मालवणचा हा खलाशी परक्या देशातल्या तुरुंगात गालात लवंग धरून बसला होता. मागच्या आठवड्यात तुरुंगाचे डॉक्टर त्याची किडलेली दाढ काढायला आले होते. "आता कशाला?" म्हणत त्याने त्यांना परत पाठवलं. डॉक्टरांनीही आग्रह केला नाही.

वकीलबाई पुढच्या सुनावणीचं समजावत होत्या. धुरीचं लक्ष नव्हतं. त्याने तोंडातली लवंग काढली आणि गालावर हात ठेवला.

"बाई," तो म्हणाला, "डॉक्टरांना पुन्हा बोलावता येईल का? दाढ फार ठणकतेय."