वर पाठवलेलं नाव

“नाव घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. आणि स्वल्प जोरात घे, अख्ख्या चामराजपेटला ऐकू जाऊ दे.”

सगुणाआत्याचा हा आवाज आज, भर दुपारी, रक्षिताच्या कानात कुठून उगवला कोण जाणे. लहानपणी काकाच्या लग्नात ऐकलेला. दारात आडवा हात घालून आत्या उभी, आणि समोर नवी काकू, लाजून हळदीहून पिवळी झालेली. काकूनं कसंबसं नाव घेतलं, तशी आत्या काकाकडे वळली होती. “आता तू घे रे. घर दोघांचं ना?”

ते चामराजपेटचं दार. हे हेब्बाळच्या टेक पार्कमधलं सभागृह. रक्षिता शेवटच्या रांगेच्याही मागे उभी होती. खुर्च्या होत्या त्या ओळखपत्राची पट्टी निळी असलेल्या, म्हणजे पर्मनंट माणसांसाठी. गळ्यात करडी पट्टी घातलेल्या मुली कंत्राटावरच्या. त्यांना प्रेरणा उभ्या उभ्याही मिळते, असं कंपनीचं मत असावं. मंचावर श्रीवत्स सर कॉलरला माइक लावून सांगत होते, की ओरिझंता ही कंपनी नव्हेच, घर आहे घर.

या घरातल्या मुलींचा करार दर तीन महिन्यांनी संपायचा. करारात असंही होतं, की बाहेर कुठे कंपनीचं नाव घ्यायचं नाही. कामाला कुठे असतेस, असं कुणी विचारलं की रक्षिता म्हणायची, “हेब्बाळला.” आत्या डोळे मिचकावायची. “एवढी लाजतेस, नवरा आहे काय गं तो?”

ऑफिसात रक्षिताच्या खुर्चीवर तिच्याआधी भव्या बसायची. एका सोमवारी भव्याचं कार्ड गेटवर चाललंच नाही. दुपारपर्यंत तिची खुर्ची, तिचा हेडफोन आणि लोकांच्या शिव्या शांतपणे ऐकायचं तिचं काम रक्षिताच्या वाट्याला आलं. मन लावून करत नसेल बिचारी, असं तेव्हा रक्षिताला वाटलं होतं. भव्यानं मॉनिटरखाली चिकटवलेला गणपती मात्र जागेवरच राहिला. त्याचा करार तपासायचं कुणाला सुचलं नसावं.

सर बनशंकरीचे. घरात मराठी. पहिल्याच आठवड्यात रक्षिता फोनवर आईशी बोलत होती, ते ऐकून थबकले. “अगं, तू तर आपलीच मुलगी.” झालं. त्या दिवसापासून ती आपलीच मुलगी. दुसऱ्या नावाची सरांना कधी गरज पडली नाही, आणि आपल्याच माणसाला नाव काय सांगायचं, म्हणून तिनंही सांगितलं नाही. निळ्या पट्टीचं विचारलं, की सर आवाज उतरवून म्हणायचे, “तुझं नाव वर पाठवलंय. स्वल्प थांब.”

त्या एका वाक्यावर ती दोन वर्षं जगली. अंगात ताप घेऊन कामावर आली. सख्ख्या भावाच्या हळदीला गेली नाही. वर कुठेतरी आपलं नाव आहे, या विचारानं तिला बसमध्ये उभ्यानंसुद्धा छान झोप लागायची.

“आता आपल्या एका मुलीला बोलावतो,” असं म्हणून सरांनी तिच्याकडे बोट केलं. कुणीतरी तिच्या हातात माइक दिला. “सांग बघू, रोज सकाळी तुला इथवर कोण ओढून आणतं? आपल्या भाषेत सांग. यांना मी समजावतो.”

ती पुढे गेली. मंचाची पायरी, सरांचा आडवा हात, समोर एवढी माणसं. रक्षितानं पदर नव्हता म्हणून ओढणी सावरली, आणि नाव घेतलं.

“हेब्बाळच्या तळ्यात बगळा एका पायावर उभा,
ओरिझंताचं नाव घेते, तीन महिन्यांची मुभा.”

सर खूश. पहिली ओळ त्यांनी कन्नडात सांगितली, मग इंग्रजीत सांगितली. दुसरी मात्र ‘हिचं कंपनीवर फार प्रेम आहे’ एवढ्यावर आटोपली. टाळ्या पडल्या.

“सर, रीत आहे,” रक्षिता म्हणाली. “आता तुम्ही घ्या.”

“घेतो की. घाबरतो काय?” सरांनी घसा साफ केला. रीत त्यांनाही ठाऊक होती. क्षणभर डोळे मिटून त्यांनी जुळवलं, आणि एकदाही न अडखळता म्हणाले,

“बनशंकरीच्या देवळात लिंबाचा दिवा,
भव्यासारखा मोती प्रत्येक टीमला हवा.”

निळ्या पट्ट्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. मागे उभ्या करड्या पट्ट्यांनी तेवढं एकमेकींकडे पाहिलं.

दोन वर्षं वर जाऊन बसलं होतं, ते हे नाव.

रक्षिताच्या हातातला माइक अजून चालू होता. टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली. थांबायची तिला सवय होती. मग म्हणाली, स्वल्प जोरात, अख्ख्या चामराजपेटला ऐकू जाईल असं,

“सर, भव्याचं कार्ड तुम्हीच बंद केलंत. मी रक्षिता.”