बोटांची मांडणी

गिटारवरच्या एकाच स्पॅनिश रचनेच्या दोन छापील प्रती मुंबईहून आल्या होत्या. एक ठेवून दुसरी परत धाडायची होती. दानीएलनं उजव्या हातानं पहिली प्रत लेकीपुढे सरकवली. डावा नेहमीसारखा खिशात. त्या प्रतीत शीर्षकाखाली कुणा परदेशी उस्तादाचं नाव होतं, आणि प्रत्येक सुरावर कोणतं बोट ठेवायचं त्याचा आकडा. दुसरीत नुसते सूर.

"हीच ठेव, दया. स्पर्धेत परीक्षक बोटं बघतात."

नागापूरच्या कारखान्यात डाव्या हाताची करंगळी गेल्यावर त्यानं तीन बोटांवर गिटार पुन्हा बसवली होती. त्याचं बघून शिकलेली दया धडधाकट करंगळी मुडपून वाजवायची. चर्चमधली पोरं हसायची, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दयानं दुसरी प्रत उचलली.

"अगं, त्यात बोटं कोण सांगणार तुला?"

"चार बोटांची कुणीही सांगेल, पप्पा. तीन बोटांची फक्त तुम्हीच." तिनं शीर्षकाखाली पेन्सिलीनं लिहिलं : बोटांची मांडणी – दानीएल गायकवाड, नगर. मग पेन्सिल त्याच्यापुढे धरली. "घाला आकडे."

दानीएलनं डावा हात खिशातून काढला, पान नीट दाबून धरलं आणि पहिल्या सुरावर आकडा घातला.